मंद तारे, महाकाय ग्रह : प्रस्तावना

सिंह तारकासमूहात, पृथ्वीपासून सुमारे २४० प्रकाशवर्षांवर, टीओआय-६८९४ या क्रमांकाने ओळखला जाणारा एक तारा आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या जेमतेम एक पंचमांश आहे, पृष्ठभागाचे तापमान सूर्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक आहे आणि तेज इतके अल्प आहे की साधे डोळे तर सोडाच, हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीलाही तो गवसत नाही. या ताऱ्याभोवती, अवघ्या ३९ लाख किलोमीटरवरून, शनीहून किंचित मोठा असा एक वायुरूप ग्रह साधारण तीन दिवस नऊ तासांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. हा शोध २०२५ साली जाहीर झाला, तेव्हा ग्रहनिर्मितीच्या अभ्यासकांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. कारण रूढ सिद्धांतानुसार एवढ्याशा ताऱ्याच्या पदरी एवढा मोठा ग्रह पडण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. कमी वस्तुमानाचे मंद तारे आणि त्यांचे महाकाय ग्रह यांची ही विजोड वाटणारी सांगड हाच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाने प्रथम दोन संज्ञा समजून घ्याव्यात. सूर्याच्या सुमारे आठ शतांशापासून साधारण सहा दशांशापर्यंत वस्तुमान असणाऱ्या, हायड्रोजनचे हेलियममध्ये अतिशय संथ गतीने रूपांतर करणाऱ्या थंड ताऱ्यांना ‘लाल बटू’ म्हणतात. आकाशगंगेतील दर चार ताऱ्यांपैकी जवळजवळ तीन या वर्गात मोडतात, आणि तरीही त्यांपैकी एकही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी असलेला प्रॉक्झिमा सेंटॉरी हा तारादेखील लाल बटूच आहे; तो सव्वाचार प्रकाशवर्षांवर असूनही त्याचा शोध लागायला १९१५ साल उजाडावे लागले. दुसरी संज्ञा ‘महाकाय ग्रह’ ही होय. गुरू किंवा शनी यांच्याप्रमाणे ज्याच्या घडणीत हायड्रोजन आणि हेलियम या वायूंचा वाटा मोठा असतो, असा ग्रह या नावाने ओळखला जातो. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे, तर सूर्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे १,०४७ पट आहे. सूर्यमालेतील हे प्रमाण मनात पक्के असले म्हणजे पुढे येणाऱ्या उदाहरणांतील विसंगती किती मोठी आहे हे आपोआप ध्यानात येते. सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना या ग्रंथात सर्वत्र ‘बाह्यग्रह’ म्हटले आहे.

अशा ग्रहांचा शोध हा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील उद्योग आहे अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी त्याची पाळेमुळे बरीच खोल गेलेली आहेत, आणि त्यांतील एक धागा पुण्यापर्यंत पोहोचतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील अभियंता विल्यम स्टीफन जेकब याने १८४२ साली पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली आणि तेथून जोडताऱ्यांची पद्धतशीर निरीक्षणे केली. पुढे मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाल्यावर, १८५५ साली, भुजंगधारी तारकासमूहातील ‘७० ऑफियुकी’ या जोडताऱ्याच्या कक्षेतील अनियमितता एखाद्या ग्रहसदृश वस्तूमुळे असावी, असा विचार त्याने मांडला. पुढील निरीक्षणांनी त्या ग्रहाला दुजोरा मिळाला नाही. जेकब मात्र नव्या वेधशाळेच्या उभारणीसाठी १८६२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा मुंबई इलाख्यात आला आणि पुण्यास पोहोचताच काही दिवसांत मरण पावला. ताऱ्याच्या हालचालीतील सूक्ष्म विसंगतीवरून न दिसणाऱ्या सोबत्याचा अंदाज बांधावा, ही त्याची रीत अचूक होती. निरीक्षणांची अचूकता तेवढी त्या रीतीला पुरी पडत नव्हती.

हीच कहाणी शंभर वर्षांनी अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. अमेरिकेतील स्प्राउल वेधशाळेत पीटर व्हान डी काम्प यांनी १९३८ पासून बर्नार्डच्या ताऱ्याची छायाचित्रे साठवली. हा तारा सहा प्रकाशवर्षांवरचा लाल बटू आहे. त्याच्या मार्गात एक बारीकसा डोल आहे आणि तो गुरूहून मोठ्या ग्रहामुळे निर्माण होतो, असे व्हान डी काम्प यांनी १९६३ साली जाहीर केले, आणि पुढची दहा वर्षे पाठ्यपुस्तकांत तो ग्रह जणू वस्तुस्थिती म्हणून वावरला. १९७३ साली अन्य वेधशाळांच्या छायाचित्रांत तो डोल आढळला नाहीच. शिवाय त्याच वेधशाळेतील तपासणीत असे दिसून आले की दुर्बिणीच्या भिंगाच्या जोडणीत ज्या ज्या वेळी फेरफार झाले होते, त्या त्या वेळी इतर ताऱ्यांच्या जागाही तशाच सरकल्यासारख्या दिसत होत्या. मंद ताऱ्याचा पहिला गाजलेला महाकाय ग्रह अशा रीतीने दुर्बिणीतच सामावलेला निघाला. बर्नार्डच्या ताऱ्याला ग्रह आहेत हे २०२४ आणि २०२५ मध्ये अखेर सिद्ध झाले. परंतु ते चारही ग्रह पृथ्वीहून लहान वस्तुमानाचे आहेत. या प्रकरणाला ग्रंथात बरीच पाने दिली आहेत ती योग्यच आहेत, कारण निरीक्षकाची चिकाटी कितीही थोर असली तरी उपकरणाचे दोष तिच्यामुळे दूर होत नाहीत, हे भान पुढच्या पिढीला येथूनच आले.

आधुनिक पर्वाची सुरुवात १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी ‘५१ पेगासी’ या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह शोधला, तेव्हा झाली. त्यांची पद्धत ‘अरीय वेगमापन’ या नावाने ओळखली जाते. ग्रह आणि तारा हे दोघेही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरत असल्याने तारा आळीपाळीने पृथ्वीकडे येतो आणि दूर जातो, व त्यानुसार त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या आणि तांबड्या बाजूला किंचित सरकतात. गुरूमुळे सूर्याला मिळणारी गती सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर एवढीच आहे, यावरून या मोजमापाची नजाकत कळावी. तारा जितका हलका तितकी त्याला ग्रहाची ओढ अधिक जाणवते, त्यामुळे तत्त्वतः लाल बटू या पद्धतीला अनुकूल आहेत. प्रत्यक्षात मात्र त्यांचा बहुतांश प्रकाश अवरक्त किरणांत, म्हणजे दृश्य तांबड्या रंगापलीकडच्या तरंगलांबीत, बाहेर पडतो आणि दृश्य प्रकाशासाठी बांधलेल्या उपकरणांच्या हाती फारसे काही लागत नाही. तरीही १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी कुंभ तारकासमूहातील जीजे ८७६ या १५ प्रकाशवर्षांवरील लाल बटूभोवती गुरूच्या सुमारे दुप्पट वस्तुमानाचा, ६१ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा ग्रह शोधला. पुढे त्याच ताऱ्याभोवती त्याच्या निम्म्या कालावधीत फिरणारा आणखी एक महाकाय ग्रह सापडला, आणि एकमेकांच्या कक्षांवर सतत प्रभाव टाकणारी ही जोडी ग्रहीय गतिशास्त्राचा आदर्श नमुना ठरली.

दुसरी पद्धत मराठी वाचकाला २००४ आणि २०१२ सालच्या शुक्राच्या अधिक्रमणामुळे परिचित आहे. ग्रह ताऱ्याच्या बिंबापुढून सरकतो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश अडतो. किती अडतो हे दोघांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असते. गुरूची त्रिज्या सूर्याच्या एक दशांश असल्याने दूरच्या निरीक्षकाला गुरूच्या अधिक्रमणात सूर्य एक टक्क्याने मंदावलेला दिसेल. तोच ग्रह लहान ताऱ्यापुढे आणून ठेवला की आकडे झपाट्याने बदलतात. २०१७ साली कपोत तारकासमूहात सापडलेल्या एनजीटीएस-१ बी या ग्रहाचा तारा सूर्याच्या सहा दशांश वस्तुमानाचा आहे. २०२३ मध्ये शुभम कनोडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलेला टीओआय-५२०५ बी हा गुरूएवढा ग्रह सूर्याच्या चार दशांश वस्तुमानाच्या ताऱ्याचा सुमारे सात टक्के प्रकाश अडवतो, आणि आरंभी उल्लेखिलेल्या टीओआय-६८९४ च्या बाबतीत हे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर जाते. सहा वर्षे सरली आणि सहा दशांशावरून चार दशांश, मग लगेच दोन दशांश: महाकाय ग्रह याहून लहान ताऱ्याभोवती असू शकत नाहीत अशी जी जी सीमा कल्पिली गेली, ती ती खाली सरकत गेली आहे. (टीओआय हा क्रमांक २०१८ पासून जवळजवळ सर्व आकाश पिंजून काढणाऱ्या ‘टेस’ या अवकाश दुर्बिणीच्या संशयित ग्रहांच्या यादीतला आहे.)

उरलेल्या पद्धतींपैकी ‘सूक्ष्म गुरुत्वीय भिंग’ ही पद्धत सर्वांत दूरवर पोहोचणारी आहे. एक मंद तारा दुसऱ्या, अधिक दूरच्या ताऱ्याच्या बरोबर पुढे आला की त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागच्या ताऱ्याचा प्रकाश वाकतो आणि काही दिवस वाढलेला दिसतो. पुढच्या ताऱ्याला ग्रह असेल तर त्या चढउतारात एक छोटा ठसा उमटतो. आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेने, हजारो प्रकाशवर्षांवर असलेल्या लाल बटूंचे ग्रह याच मार्गाने कळले. या पद्धतीत तारा स्वतः दिसलाच पाहिजे अशी अट नाही, पण तिचा एक दोषही आहे: असा योग त्या ताऱ्याच्या बाबतीत पुन्हा जुळून येत नाही. थेट छायाचित्रणाने २००४ मध्ये ‘२एम१२०७’ या वस्तूचा सुमारे पाच गुरूंएवढा सोबती टिपला. तो मुख्य वस्तूच्या जवळजवळ एक पंचमांश वस्तुमानाचा आहे, आणि ती मुख्य वस्तूही हायड्रोजन पेटवू न शकणारी, ताऱ्याहून खालच्या पायरीची आहे. अशा जोडीतील लहान वस्तूला ग्रह म्हणावे की अपुऱ्या राहिलेल्या जोडताऱ्याचा घटक, हा वाद आजही मिटलेला नाही.

निरीक्षणांच्या या प्रवाहासमांतर सिद्धांताच्या दोन प्रमुख परंपरा वाहत आल्या आहेत. पहिली ‘गाभासंचय’ परंपरा. तिच्या मते नवजात ताऱ्याभोवतीच्या वायू आणि धुळीच्या चकतीत घन कण एकत्र येत येत पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा गाभा बनतो, आणि तो पुरेसा जड झाला की भोवतालचा वायू वेगाने ओढून घेतो. मिझुनो यांनी १९८० मध्ये आणि पोलॅक व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या प्रक्रियेची सविस्तर गणिते मांडली. या सिद्धांताला वेळेचे बंधन आहे, कारण चकतीतील वायू काही दशलक्ष वर्षांत नाहीसा होतो आणि लाल बटूंभोवती चकती हलकी व कक्षा संथ असल्याने गाभा वेळेत तयार होणे कठीण. लाफलिन, बोडनहायमर आणि अ‍ॅडम्स यांनी २००४ मध्ये यावरूनच लाल बटूंभोवती गुरूसारखे ग्रह विरळ असतील असे भाकीत केले, आणि ढोबळमानाने ते खरे ठरले. टेसच्या निरीक्षणांवर आधारलेल्या एका गणनेनुसार ताऱ्यालगत फिरणारा महाकाय ग्रह हजार लाल बटूंमागे दोघांच्या आसपासच आढळतो. विरळ असणे आणि अजिबात नसणे यांतील हे अंतर हेच या ग्रंथाचे कार्यक्षेत्र आहे.

दुसरी ‘चकतीची अस्थिरता’ मानणारी परंपरा कायपर यांच्या १९५१ च्या कल्पनेपर्यंत मागे जाते आणि अ‍ॅलन बॉस यांनी १९९७ पासून तिला नवा जोम दिला. चकती पुरेशी जड आणि थंड असेल तर तिचा एखादा भाग स्वतःच्याच गुरुत्वाने काही हजार वर्षांत कोसळून थेट महाकाय ग्रह बनू शकतो, गाभ्याची वाट पाहावी लागत नाही. स्पेनमधील कालार आल्तो वेधशाळेतून २०१९ मध्ये सापडलेला जीजे ३५१२ बी हा ग्रह या परंपरेचा सर्वांत भक्कम साक्षीदार मानला जातो. त्याचा तारा सूर्याच्या अवघा १२ शतांश, ग्रह किमान गुरूच्या निम्म्याच्या जवळपास, आणि कक्षा लांबट व २०४ दिवसांची आहे. २०१० नंतर गाभासंचयालाही नवे बळ मिळाले. सेंटिमीटरभर आकाराचे खडे वायूच्या घर्षणाने मंदावून गाभ्यावर ओतले जातात आणि त्यामुळे वाढ कैक पटींनी वेगवान होते, असे ओर्मेल, क्लार, लांब्रेख्त्स आणि योहानसेन यांच्या कामातून पुढे आले. खड्यांचा हा पुरवठा मात्र कुठून तरी यायला हवा, आणि तिथेच अडचण आहे. चिलीतील आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने मोजलेल्या लहान ताऱ्यांच्या चकत्यांत बहुधा पृथ्वीच्या काही पटच धूळ आढळते, तर टीओआय-६८९४ बी या एकट्या ग्रहाच्या पोटात हायड्रोजन-हेलियमपलीकडची मूलद्रव्ये पृथ्वीच्या सुमारे १२ पट असावीत असा अंदाज आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एलएचएस ३१५४ बी या, पृथ्वीच्या किमान १३ पट वस्तुमानाच्या ग्रहानेही हाच हिशेब बिघडवला. एक तर हे ग्रह चकती अगदी कोवळी आणि भरलेली असतानाच घडू लागतात, नाही तर मोजलेल्या चकत्यांतील बरेचसे द्रव्य मोजमापाच्या नजरेआड राहते. पहिल्या शक्यतेकडे आजचा कल अधिक आहे, आणि ग्रंथलेखकाचाही कौल तिकडेच आहे. त्याने दुसऱ्या बाजूचे म्हणणे मात्र तितक्याच तोलाने मांडले आहे.

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट नवख्या अभ्यासकाच्या नजरेतून हमखास निसटते, आणि या ग्रंथाचे खरे महत्त्व तिच्यावर बोट ठेवण्यात आहे. बाह्यग्रहाविषयीचे बहुतेक प्रत्येक विधान हे मुळात त्याच्या ताऱ्याविषयीचे विधान असते. अधिक्रमणातून ग्रहाची त्रिज्या कळत नाही, ताऱ्याच्या त्रिज्येशी तिचे गुणोत्तर तेवढे कळते. ताऱ्याची त्रिज्या दहा टक्क्यांनी कमी धरली गेली असेल, तर ग्रहाचे आकारमान जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते, घनता पाव भागाने उतरते आणि खडकाळ वाटलेला गाभा कागदावरच विरघळून जातो. सूर्यासारख्या ताऱ्यांचे भौतिकशास्त्र शतकभराच्या अभ्यासाने बऱ्यापैकी स्थिरावले आहे. लाल बटूंच्या वातावरणात पाण्याच्या वाफेपासून टायटॅनियम ऑक्साइडपर्यंत अनेक रेणू टिकून राहत असल्याने त्यांचे वर्णपट गुंतागुंतीचे असतात आणि त्यांवरून धातुप्रमाण, म्हणजे हेलियमहून जड मूलद्रव्यांचा वाटा, काढणे आजही कष्टाचे आहे. गाया या अवकाश दुर्बिणीने पराशयावरून, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या दोन टोकांवरून पाहताना ताऱ्याच्या जागेत दिसणाऱ्या बदलावरून, अचूक अंतरे मोजली, तेव्हा अनेक मंद ताऱ्यांचे खरे तेज आणि त्यावरून त्यांच्या ग्रहांचे आकार नव्याने निश्चित करावे लागले.

जेम्स वेब दुर्बिणीने टीओआय-५२०५ बी या ग्रहाचे केलेले निरीक्षण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा काही प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून गाळून येतो आणि तेथील वायू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. म्हणून वेगवेगळ्या तरंगलांबींत अधिक्रमणाची खोली मोजली की वातावरणाची घडण कळते. परंतु या ताऱ्यावर सौरडागांसारखे थंड डाग मोठ्या प्रमाणात आहेत, आणि लाल बटूवरील डाग इतके थंड असू शकतात की खुद्द त्यांच्यातच पाण्याची वाफ असते. ग्रह डागविरहित पट्ट्यावरून सरकला तर अधिक्रमण वास्तवाहून खोल भासते, आणि डागांचा ठसा ग्रहाच्या वातावरणाचा म्हणून वाचला जाण्याचा धोका निर्माण होतो. संशोधकांना आधी डागांचे स्वतंत्र प्रारूप रचावे लागले. ते वजा केल्यावर हाती आलेले वातावरण जड मूलद्रव्यांच्या बाबतीत अनपेक्षितपणे दरिद्री निघाले, एकूण ग्रहाची घनता मात्र त्याच्या पोटात अशी द्रव्ये भरपूर असल्याचे सुचवते. पोट आणि पृष्ठ यांतील हा विरोध खरा असेल, तर महाकाय ग्रहांच्या अंतरंगात द्रव्य ढवळले जाते ही रूढ कल्पनाही तपासून पाहावी लागेल.

विषयाला आज आलेली निकड याच परिस्थितीतून आली आहे. टेसच्या यादीतील लाल बटूंचे महाकाय ग्रह आता एकेकट्या नवलांच्या संख्येपलीकडे गेले असून त्यांचा पद्धतशीर तौलनिक अभ्यास सुरू झाला आहे. गायाच्या पुढील नोंदींतून दूरच्या कक्षांतील महाकाय ग्रह ताऱ्यांच्या डोलावरून, म्हणजे जेकब आणि व्हान डी काम्प यांच्याच मार्गाने, मोठ्या संख्येने सापडण्याची अपेक्षा आहे. भारतातही या कामाची उपकरणे उभी आहेत. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने अबू पर्वतावरील गुरुशिखरावर बसवलेल्या ‘पारस’ या वर्णपटमापकाने २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरील एका सूर्यसदृश ताऱ्याचा, पृथ्वीच्या २७ पट वस्तुमानाचा ग्रह निश्चित केला. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने एचएटी-पी-११ बी या नेपच्यूनएवढ्या ग्रहाच्या दिशेने १५० मेगाहर्ट्झवर रेडिओ लहरींचा एक पुसटसा संकेत टिपला, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची निःसंशय पुष्टी झालेली नाही, तरी ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राचा थेट वेध घेण्याची ही दिशा मोलाची आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने एचडी ८६०८१ या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या दूरच्या ताऱ्याला ‘बिभा’ आणि त्याच्या गुरूहून मोठ्या ग्रहाला ‘संतमस’ ही भारतातून सुचवलेली नावे दिली. ताऱ्याचे नाव ज्यांच्यावरून आले त्या बिभा चौधुरी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांवर काम केले होते, आणि त्यांच्या हयातीत त्या कामाची जेवढी दखल घेतली जायला हवी होती तेवढी ती घेतली गेली नाही. हा तारा लाल बटू नसल्याने ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा आहे, पण त्याची नोंद येथे व्हायलाच हवी.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथापासून जयंत नारळीकर यांच्या लेखनापर्यंत मराठीत खगोलशास्त्राची सकस परंपरा आहे. तीत बाह्यग्रहांवर लिहिले गेले ते बहुधा जीवसृष्टीच्या शक्यतेच्या अंगाने. प्रस्तुत ग्रंथ ती वाट मुद्दाम टाळतो. वायूच्या महाकाय गोळ्यांवर कोणी राहत नाही, आणि लेखकाला रस आहे तो ग्रह घडतो कसा यात. म्हणून त्याने मांडणीचा क्रम उलटा ठेवला आहे: आधी तारा, त्याचे वस्तुमान, त्रिज्या, डाग आणि वय, नंतर ती मोजणारी उपकरणे, आणि त्यानंतरच ग्रह. शाळेतील बीजगणिताच्या पलीकडचे गणित मुख्य मजकुरात आलेले नाही. जिथे आकडा दिला आहे तिथे तो कोणत्या मोजमापातून निघाला आणि त्यातील अनिश्चितता कोणत्या टप्प्यावर शिरली हे सांगितले आहे. चकतीचे द्रव्य पुरते की नाही, हा प्रश्न शेवटच्या भागात उघडाच ठेवला आहे. जेम्स वेब दुर्बिणीची टीओआय-६८९४ बी या ग्रहाची निरीक्षणे त्याच्या वातावरणातील मिथेन आणि जड मूलद्रव्ये यांविषयी काय सांगतात यावर त्या भागातील एका तरी निष्कर्षाचे भवितव्य अवलंबून आहे, आणि तो निष्कर्ष कोणता हे लेखकाने त्या त्या ठिकाणी स्पष्टपणे नोंदवून ठेवले आहे.